पासिंग झालं म्हणजे नेमकं काय झालं?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्र-मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत एवढं मोठं काही मी पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या ब्रँचचा आहे, आणि गेल्या दिवाळीपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझ्या मामाकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन सीट, उघडं छत, फायबरची बॉडी, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता, ठेवणाऱ्यांचा होता. मामा तिसरा मालक. गाडीला १५ वर्षं झाली, म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत संपली आणि ती पुन्हा पासिंगला न्यावी लागली. कुठल्या जिल्ह्यात तेही लिहीत नाही. मी सोबत होते. साहेबांनी चेसिस नंबर पडताळला, लाइट, हॉर्न, इंडिकेटर, वायपर बघितले, पीयूसी बघितलं, गाडी थोडी चालवून ब्रेक मारायला लावला. गाडी सरळ थांबली. अर्ध्या तासात काम झालं आणि पुढच्या पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळालं. मामाने तिथेच पेढे वाटले!

अकरा दिवसांनी मामा तीच गाडी घेऊन धाराशिवला आला. मला हॉस्टेलवरून उचललं, आम्ही तुळजापूरला दर्शन केलं, आणि माझ्याच हट्टाने सोलापूरच्या बाजूला घाट उतरायला निघालो. (उघड्या गाडीत घाट उतरायचा, हे मी रूममेट्सना आधीच सांगून ठेवलं होतं!) दोन-तीन वळणं झाली असतील. मामाचा चेहरा बदलला. "अगं, पेडल खाली जातंय." त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला नेऊन उभी केली. पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता. आम्ही अर्धा तास कठड्यावर बसलो, कोणी काही बोललं नाही. नंतर पेडल आपोआप परत कडक झालं. अगदी जादू झाल्यासारखं. तिथून कासवाच्या गतीने धाराशिवला आलो आणि गाडी एका ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजला लावली.

मिस्त्रींनी चाक काढलं. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला होता, म्हणजे पेडल सोडलं तरी पॅड डिस्कला घासतच होते. ब्रेक ऑइल काळं पडलेलं. इथपर्यंत ठीक होतं, जुन्या गाडीत हे चालायचंच. पण जॅकवर गाडी असताना त्यांनी खालून बॅटरी मारली आणि पुढच्या सस्पेन्शनचा हात जिथे चेसिसच्या पाइपाला जोडलेला असतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला. टेकवला म्हणजे फक्त टेकवला. तो आत गेला. लाल पापुद्रे खाली पडले. मिस्त्री म्हणाले, "बाई, पाया बघायचा आधी. रंग काय, कुणीबी मारतंय."

मेसमध्ये ही गोष्ट सांगितली तर सगळ्यांचं एकच उत्तर: "पैसे चारले असतील!" मला ते पटत नाही. मी तिथे उभी होते. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी दिले नाहीत. साहेबांनी जे बघायचं ते बघितलं. मग प्रश्न जास्त अवघड होतो. तपासणी प्रामाणिक होती आणि तरीही ती चुकली. असं कसं?

हे शोधायला मी लायब्ररीत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काढून बसले. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं, नंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांनी वाढतं. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा. धंद्याच्या गाड्यांना फिटनेस सर्टिफिकेट वेगळं लागतं, आणि त्यात काय तपासायचं याचा तक्ता नियम ६२ मध्ये दिलाय. स्पार्क प्लग आणि त्याची केबल, हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्ड, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. आता हाच तक्ता पुन्हा वाचा आणि गंज शोधा. चेसिस शोधा. सस्पेन्शन जिथे बोल्टने पकडलेलं असतं ती जागा शोधा. नाहीये! ट्रक-टेम्पोसाठी जो सविस्तर तक्ता आहे त्यातच हे नाही, तर मामाच्या गाडीखाली वाकून बघायला साहेबांना कोण सांगणार?

ब्रेक मात्र तक्त्यात आहेत. मग ते कसे पास झाले? इथे आपलं पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स कामाला येतं. नियम ९६ प्रमाणे चालू वापरातली गाडी ताशी ३० किमी वेगावरून १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर: ६९.४ भागिले २६, म्हणजे सुमारे २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. कोरड्या डांबरावर धड ब्रेक असलेली गाडी ७ च्या आसपास सहज देते, म्हणजे ५ मीटरमध्ये थांबते. थोडक्यात, आपली निम्म्याहून जास्त ताकद गमावलेले ब्रेकही ही परीक्षा पास होतात. (आपल्याकडे ४० ला पासिंग असतं, तसंच काहीसं!) रिकामी, हलकी, दोन सीटांची गाडी तर हसत पास होणार.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गाडी आणि आम्ही दोघं मिळून ९०० किलो धरा. ३० किमी वेगावरून एकदा थांबलं की ब्रेकमध्ये साधारण ३१ किलोज्यूल ऊर्जा जाते. आता घाटात समजा फक्त १०० मीटर उंची उतरलो, तर ९०० गुणिले ९.८१ गुणिले १००, म्हणजे ८८३ किलोज्यूल. इंजिन आणि हवा यातला काही भाग खातात, पण अंदाज घ्या: पासिंगच्या मैदानावरच्या अठ्ठावीस ब्रेकांएवढी ऊर्जा, आणि मध्ये थंड व्हायला वेळ नाही. त्यात एक कॅलिपर कायम घासतोय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं. थंड झालं की वाफेचं परत पाणी आणि पेडल कडक. घाटातली ती जादू हीच. फ्लुइड मेकॅनिक्सच्या वायवामध्ये "द्रव दाबला जात नाही" हे वाक्य मी पाठ म्हणून दाखवलं होतं. त्याचा अर्थ घाटात कळला.

स्टिअरिंगचंही तसंच. नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंग व्हीलचा मोकळा खेळ ३० अंशांपर्यंत चालतो. १५ ला १ असं गुणोत्तर धरलं तर चाकाशी ते २ अंश होतात. २ अंश म्हणजे कितीसे? सरळ रेषेत २० मीटर जाईपर्यंत गाडी ७० सेंटीमीटर बाजूला सरकू शकते. ट्रकसाठी ही मर्यादा कदाचित ठीक असेल. पण स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग मुळातच इतकं थेट असतं की तिच्यात १० अंशांचा खेळ निघाला तरी जॉइंट किंवा रॅक झिजलाय असं समजावं. एकच पट्टी सगळ्या गाड्यांना लावली की ती कोणालाच नीट बसत नाही.

आता खास या जातीच्या गाड्यांबद्दल. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हटलं की सगळ्यांना परदेशीच आठवतात. पण अलिबागला चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली, हे किती जणांना माहीत आहे? १९५७ साली इंग्लंडमध्ये आलेल्या लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी. पाइपांचा सांगाडा, वर फायबरची बॉडी, आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं, जे आपल्या अँबेसिडरमध्येही बसायचं. त्याच्या आधी, १९९८ साली, सॅन मोटर्सची स्टॉर्म आली. तिचीही बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं. या गाड्या थोड्याच बनल्या. त्यांच्यातल्या जुन्या आता १५ वर्षांच्या पुढे गेल्यात, म्हणजे मामाच्या गाडीसारख्याच पासिंगच्या रांगेत आहेत.

फायबरच्या बॉडीची गंमत अशी की ती गंजत नाही. ऐकायला किती छान! पत्र्याची गाडी आपलं वय लपवू शकत नाही. दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डला रंगाचे फोड येतात आणि बघणारा सावध होतो. फायबर वीस वर्षांनीही पॉलिश मारलं की चकाकतं, आणि आतला लोखंडी पाइप आत पाणी साचून आतून बाहेर गंजत येतो. म्हणजे ज्या गाडीत बघून काही कळत नाही, तिचीच तपासणी आपण नुसती बघून करतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. मामाची गाडी पहिल्या मालकाकडे कोकणात होती.

दुसरा गैरसमज: "गाडी कमी चालली आहे, म्हणजे चांगली आहे." जाहिरातीत पण हेच लिहितात. इंजिनचं झिजणं किलोमीटरवर असतं, पण रबर, ब्रेक ऑइल, पेट्रोलचा पाइप, टायर यांचं वय कॅलेंडरवर चालतं. उलट उभ्या गाडीचा कॅलिपर जास्त अडकतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मामाच्या टायरवर २३०९ होतं, म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. नक्षी मात्र नवीनसारखी! पासिंगमध्ये हे आकडे कोणी वाचले नाहीत. खरं सांगायचं तर मीही वाचले नव्हते.

आता विश्वासार्हतेचं बघू. मेट्रॉलॉजीमध्ये आपण शिकतो की मोजण्याचं साधन चांगलं आहे की नाही हे कसं ठरवायचं. एकच वस्तू त्याच माणसाने दोनदा मोजली तर तेच उत्तर येतं का, आणि दोन वेगळ्या माणसांनी मोजली तर? पासिंगलाही हेच दोन प्रश्न विचारा. मामाची गाडी त्याच दिवशी दुसऱ्या ऑफिसात नेली असती तर? माझ्या मते पासच झाली असती, कारण दोन्हीकडे तीच यादी. म्हणजे उत्तर सारखं, पण दोन्हीकडे सारखंच चुकीचं. आपल्या लॅबमधला तो एक मायक्रोमीटर आठवतो ना, दर वेळी ०.०४ जास्त दाखवणारा? रीडिंग मस्त जुळतात सगळ्यांची!

आणि मधला काळ? समजा (हा आकडा माझा, फक्त हिशोबासाठी) जुन्या १०० गाड्यांतल्या ५ मध्ये दर वर्षी एखादा गंभीर दोष नव्याने तयार होतो. दर वर्षी तपासणी असेल तर शेवटी शेवटी ५ गाड्या दोष घेऊन फिरतील. पाच वर्षांनी एकदा असेल तर ०.९५ चा पाचवा घात काढा, ०.७७ येतो. म्हणजे मुदत संपत येताना २३ गाड्या. तपासणी कितीही कडक केली तरी हे २३ कमी होत नाहीत, कारण ते तपासणीनंतर जन्मलेले दोष आहेत.

इंग्लंडमध्ये ही भानगड त्यांनी १९६० पासून हाताळली आहे. तिथली एमओटी तपासणी सुरुवातीला दहा वर्षांच्या गाड्यांसाठी होती, १९६७ पासून गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी. त्यांच्या नियमात गंजासाठी वेगळा विभाग आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत गंजून कमकुवत झालेला भाग असेल तर गाडी नापास. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला ती जागा बरोबर या ३० सेंटीमीटरमध्ये येते. त्यांनी इंग्लंडचं पुस्तक वाचलेलं नाही.

पण मला त्याहून आवडलं ते त्यांचं रेकॉर्ड. गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्या कोणालाही फुकट बघता येतात. कधी नापास, कशामुळे नापास, किती किलोमीटर झाले होते, आणि पास झाली तरी "यावर लक्ष ठेवा" म्हणून काय लिहिलं होतं. त्यामुळे विशिष्ट मॉडेल कुठे कमजोर पडतं हे आकड्यांवरून सांगता येतं. आपल्याकडे नंबर टाकला की एमपरिवहन ॲपवर फिटनेस कधीपर्यंत आहे ती तारीख दिसते. बस, तारीख. मार्कशीट नाही, फक्त "पास". मामाने गाडी घेताना ही तारीख बघितली होती आणि समाधान मानलं होतं.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असंही नाही. २०१८ पासून तिथे ४० वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही. हौशी मालक गाडी नीट ठेवतात आणि कमी चालवतात, हे कारण. "कमी चालवतात" याबद्दल माझं मत वर आलंच आहे. आपल्याकडे २०२१ साली विंटेज गाड्यांचे नियम आले. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नंबरात "व्हीए" अक्षरं, नवीन रजिस्ट्रेशनला २० हजार रुपये, आणि रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे ५० वर्षांवरच्या गाडीला मान आहे आणि नव्या गाडीला कंपनीची वॉरंटी आहे. १५ ते ५० च्या मधली गाडी मात्र ना घर का ना घाट का. तिच्यासाठी २०२२ मध्ये पुन्हा रजिस्ट्रेशनची फी ६०० वरून ५ हजार झाली, पण तपासणीच्या यादीत गंज काही आला नाही.

महाराष्ट्रात काही हललंच नाही असं म्हणणं मात्र अन्याय होईल. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती की वाहनांची फिटनेस तपासणी नियमाप्रमाणे होत नाही. न्यायालयाने हे प्रकरण लावून धरलं आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे यावर आग्रह धरला. त्याआधी कित्येक ठिकाणी धड ट्रॅकच नव्हता. नाशिकला यंत्रावर तपासणी करणारं केंद्रही झालं. यंत्रावर चाकं रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात, त्यामुळे मामाचा अडकलेला कॅलिपर तिथे नक्की सापडला असता. आकडा छापून येतो, त्यात कोणाची ओळख चालत नाही. याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण रोलर चेसिसला टोचून बघत नाही. त्यासाठी खड्डा लागतो, बॅटरी लागते आणि वाकायला तयार असलेला माणूस लागतो.

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एम.एच. २५, एम.एच. २४, एम.एच. १३ च्या सेकंडहँड गाड्या किती आहेत ते मोजून बघा. मी एका संध्याकाळी टायरचे आकडे वाचत फिरले, वॉचमनकाकांना वाटलं मी हवा सोडतेय! तीन बाइकचे टायर माझ्या बारावीच्याही आधीचे निघाले. ज्यांचे होते त्यांना सांगितलंय. एकाने बदलले.

मामाची गाडी मिस्त्रींकडे पाच आठवडे होती. बॉडी पूर्ण उतरवली, पुढचे दोन पाइप कापून नवीन जोडले, कॅलिपर, होज, ऑइल, टायर सगळं नवीन. वेल्डिंगच्या आधी मिस्त्रींनी मला कापलेला तुकडा दिला. तो आमच्या रूमच्या खिडकीत आहे, कोणाला बघायचा असेल तर या. पाइप मूळचा २ मिलिमीटर जाडीचा, व्हर्निअर लावला तर एका जागी ०.४ भरला. त्यावर काळा रंग अजून चकाकतोय.